वाफ्यांच्या वाटण्या नकोत, भोगी ठरवा

प्रश्न : पाथर्डी फाट्याजवळच्या आमच्या सोसायटीत मागे गुंठाभर मोकळी जागा आहे. पावसाळ्यात पंधरा घरांनी मिळून तिथे भाजी लावली, घरटी एक वाफा. आता पाणी घालायला तीन-चार जणीच येतात आणि भाजी निघाली की कुरबुरी सुरू. ‘तुमच्या वाफ्याला ऊन जास्त’ इथपर्यंत गोष्ट गेली आहे. बाग बंद करावी का?
— एक भगिनी, नाशिक

उत्तर : बंद करू नका, ताई. वाफ्यांच्या मधल्या सीमा तेवढ्या पुसून टाका.

मी दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असे. शाळेच्या परसबागेत मुलं मेथी, पालक, शेवगा लावायची. ही जुडी कोणाच्या वाफ्यातली, असं कधी कोणी विचारलं नाही, कारण दुपारी ती पोषण आहाराच्या एकाच पातेल्यात पडायची. तुमच्या बागेला असं पातेलं नाही, खरी अडचण तिथे आहे. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. वाटा सोडून राहिलेल्या जागेत पंधरा घरांची रोजची भाजी निघणार नाही, आणि निघेल त्याचे पंधरा वाटे केले तर प्रत्येकीला कमीच वाटणार. सगळ्यांचं एक जेवण मात्र त्यातून नक्की होईल.

म्हणून लावणीआधी जेवण ठरवा. दसरा जवळ आलाय, जानेवारीतली भोगी धरा. भोगीच्या भाजीला लागतं तेच लावायचं : हरभरा, वाटाणा, गाजर, वांगी. वांग्याची तयार रोपं आणा, बी टाकत बसलात तर उशीर होईल. आपल्या काळ्या मातीत गाजर वेडंवाकडं वाढतं. त्याचा वाफा उंच करून त्यात वाळू आणि कुजलेलं शेणखत मिसळा. पावट्याचा वेल आता लावून भोगीला शेंगा देईलच असं नाही, त्याऐवजी बुटका घेवडा घ्या. हरभऱ्याला पाणी जपून. तो वीतभर झाला की शेंडे खुडा, फुटवे चांगले येतात आणि खुडलेल्या पाल्याचा घोळाणा होतो. तीळ, बोरं आणि भाकरीला बाजरी बाजारातून.

मधल्या काळात मेथी-कोथिंबीर निघेल. ती रविवारी सकाळी कापून खाली टेबलावर ठेवा, ज्याला हवी त्याने न्यावी. कोणी किती पाणी घातलं याची वही ठेवू नका. त्या वहीपायी चांगल्या बागा मोडलेल्या मी पाहिल्या आहेत.

आता माझ्या मनातली गोष्ट. नाशिकच्या कितीतरी सोसायट्यांतले वॉचमन, धुण्याभांड्याला येणाऱ्या बाया पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या आहेत. नागली, वरई पिकवणारी ही माणसं. वाफा कसा बांधायचा, कीड कधी येते, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना फुकटची राबणूक म्हणून बोलावू नका. सल्ला मागा, त्यांच्या वेळेचे पैसे द्या आणि भोगीच्या पंगतीत घरच्यांसह शेजारी बसवा. नागलीची भाकरी त्यांच्याकडून शिका. शिकवणारी बाई चुलीपाशी आली की पंधरा घरांतल्या बायका आपोआप खाली उतरतील.

बियाणं दरवेळी पाकिटातलंच कशाला? आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणं जपली, त्यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तुम्हीही चांगली दोन वांगी झाडावरच पिकू द्या. बी धुऊन सावलीत वाळवायचं. जी नेईल तिने पुढच्या हंगामात दुप्पट परत आणायचं. संकरित वाणाचं बी मात्र धरू नका, पुढची झाडं तशीच निघतील याचा भरवसा नसतो.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या महाप्रसादात अन्न उरतं. जवळच्या वस्तीत द्यावं का?
— एक वाचक, सातपूर

उत्तर : जरूर द्या, पण उरण्याची वाट पाहू नका. वस्तीचं पातेलं पंगत बसायच्या आधीच वेगळं काढा आणि गरम असतानाच पोचवा. शिजवलेलं अन्न ६० अंशांखाली तासन्‌तास राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात. पंगतीत फिरलेलं, ओल्या खोबऱ्याचं किंवा दही घातलेलं देऊ नका. आणि आदल्या दिवशी वस्तीत जाऊन विचारा : किती माणसं, लहान मुलं किती, तिखट चालेल का. त्यांच्यातल्या दोघांना स्वयंपाकालाही बोलवा.