गोल्फ स्विंगमध्ये डोकं अजिबात हलू द्यायचं नाही, हे खरं आहे का?

नाही. डोकं दगडासारखं धरून ठेवलंत तर मान आखडते, खांदे अर्ध्यावरच अडतात आणि फटक्यातला जोर हातांवर येतो. बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब (गोल्फची काठी) मागे नेताना, डोकं किंचित मागच्या पायाकडे सरकलं किंवा थोडं वळलं तरी बिघडत नाही. दिग्गज गोल्फपटू जॅक निक्लस तर स्विंग सुरू करण्याआधीच हनुवटी उजवीकडे वळवायचा. स्वीडनची गोल्फपटू ॲनिका सोरेनस्टॅमचं डोकं चेंडूला क्लब लागता लागताच लक्ष्याकडे वळलेलं असायचं, आणि तिने 10 मेजर (गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या स्पर्धा) जिंकल्या!

खरा घात होतो तो डोकं वर उचललं जाण्याने. चेंडूच्या डोक्यावर क्लब घासून गेला की सगळे म्हणतात, "वर बघितलंस." पण बहुतेक वेळा दोष नजरेचा नसतो. डाउनस्विंगमध्ये, म्हणजे क्लब खाली चेंडूकडे आणताना, कंबर चेंडूकडे ढकलली जाते, वाकलेली पाठ सरळ होते आणि तिच्याबरोबर डोकंही वर येतं. म्हणून लक्ष पाठीच्या कोनावर द्या. उभं राहताना गुडघ्यांतून बसू नका, कंबरेच्या सांध्यातून पुढे झुका. हनुवटी छातीला चिकटवू नका. डावा खांदा तिच्याखालून जायला जागा हवी (डावखुऱ्यांनी उलट धरावं).

ऊन पाठीशी घ्या. डोक्याची सावली चेंडूवर पाडा आणि क्लब सावकाश फिरवा. सावली वीतभर सरकली तर तुम्ही वळत नाही, झुलताय. चेंडू गेल्यावर मात्र मान मोकळी सोडा, नाहीतर पाठीवर ताण येतो.