समाजशास्त्रात पीएच.डी.ला लागलेल्या नव्या मैत्रिणीस
तू चळवळीतून आलीस, हे लपवू नकोस. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून, त्या नामांतरासाठी १९७८ ते १९९४ इथली माणसं झगडली, जीव गेले, घरं जळाली. मराठवाड्यात समाजशास्त्र राजकारणापासून वेगळं काढताच येत नाही. विषय आपल्या मूल्यांतूनच सुचतो, हे समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरनेही मान्य केलंय. निष्कर्ष मात्र आधी ठरवू नकोस.

ऊसतोडीवर काम करतेस ना? मग ‘मुकादम (मजूर पुरवणारा ठेकेदार) शोषक’ एवढं लिहून थांबू नकोस. उचल, म्हणजे मजुरांना आगाऊ दिलेली रक्कम, किती, ती कोयत्यामागे, म्हणजे तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीमागे, कशी फिटते, बाईच्या हातात त्यातलं काय येतं, हे विचार. मुकादमालाही भेट. त्यानेही कारखान्याकडून पैसे उचललेले असतात. मजुरांची टोळी पळाली तर वसुली त्याच्या मागे लागते. हे मांडलंस की कुणी तुला मालकधार्जिणी म्हणेल. म्हणू दे. शोषणाची साखळी वरपर्यंत दिसते ती यामुळेच.

काय आढळलं तर माझं म्हणणं चुकीचं ठरेल, हे फिल्डवर जाण्याआधी वहीत लिही. गाईडचा गट पाहून संदर्भ निवडले जातात, त्याने विषय तसूभरही पुढे सरकत नाही. तुझा मसुदा तुझ्याशी न पटणाऱ्याला आधी दाखव. आणि गावातल्या मुलाखती लवकर उरक, दसऱ्यानंतर टोळ्या हलायला लागतात.