मोठा क्लब ओळखायचा तर त्याचं पडतं साल बघा

प्रश्न : आमच्या गल्लीत दोन तट पडलेत. नॉटिंगहॅम फॉरेस्टनं १९७९ आणि १९८० असे लागोपाठ दोन युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) जिंकले, मँचेस्टर सिटीला पहिला मिळाला २०२३ साली, म्हणून फॉरेस्ट मोठा, असं एका तटाचं म्हणणं. दुसरा तट म्हणतो सिटीच मोठा, पण २००८ नंतर नव्या मालकांकडून आलेल्या पैशामुळं. खरं काय?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : एका तटानं कप मोजले, दुसऱ्यानं पैसा. कपावरून एवढंच कळतं की त्या वर्षी संघ किती भारी होता. क्लब मोठा आहे का, हे बघायला तो हरत असतानाचा हिशेब काढावा लागतो.

फॉरेस्टची गोष्ट फुटबॉलमधल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक आहे, यात शंका नाही. प्रशिक्षक ब्रायन क्लफच्या हाताखाली हा संघ १९७७ साली दुसऱ्या विभागातून वर आला, पुढच्याच हंगामात त्यानं लीग मारली आणि मग दोन युरोपियन कप. पण इंग्लंडची लीग त्यानं ती एकदाच जिंकली. १९९९ साली प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या सर्वांत वरच्या पायरीवरून, खाली घसरला तो थेट २०२२ साली परत आला. मधले तीन हंगाम तर तिसऱ्या पायरीवर गेले.

आता सिटी बघा. १९९८-९९ चा हंगाम सिटीही तिसऱ्या पायरीवर खेळत होता. त्याच हंगामात शेजारच्या युनायटेडनं लीग, एफए कप आणि चॅम्पियन्स लीग तिन्ही उचलले. सिटीच्या माणसाला घरी बसायला याहून चांगलं निमित्त नव्हतं. तरी सिटीच्या घरच्या सामन्यांना सरासरी २८ हजारांच्या आसपास माणूस येत होता. शिवाय २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी बांधलेलं स्टेडियम २००३ पासून त्यांच्या वापरात होतं. म्हणजे २००८ साली पैसा आला तेव्हा गर्दी आणि मैदान दोन्ही तयार होतं. पैशानं सिटी बलाढ्य झाला, मोठा तो आधीच होता. आमच्या मते सिटी मोठा. फॉरेस्टचा मान त्यानं कमी होत नाही.

गल्लीतला वाद आकड्यांनी मिटवायचा असेल तर क्लबचे गेले तीस हंगाम घ्या. त्यातले क्रमवारीत सर्वांत वाईट पाच निवडा आणि त्या पाच हंगामांतली घरच्या मैदानावरची सरासरी गर्दी काढा. मग त्याच पायरीवरच्या इतर संघांच्या गर्दीशी ती ताडून बघा. न्यूकॅसल २००९-१० मध्ये दुसऱ्या पायरीवर होता, तरी सरासरी ४३ हजारांच्या वर. स्कॉटलंडचा रेंजर्स आर्थिक दिवाळखोरीनंतर २०१२-१३ मध्ये चौथ्या पायरीवर फेकला गेला, तिथंही सरासरी ४५ हजारांच्या वर. समोरच्या काही संघांच्या अख्ख्या गावाची वस्तीही तेवढी नव्हती.

हा हिशेब दोन ठिकाणी फसतो. इंग्लंडमधले बरेच क्लब विकलेली तिकिटं जाहीर करतात, फाटकातून आत आलेली माणसं नव्हे. हंगामी पास घेऊन घरी बसलेला माणूसही त्यात धरला जातो. दुसरं असं की लहान स्टेडियम कायम भरलेलं दिसतं, पण बाहेर पाससाठी किती वर्षांची रांग आहे ते आकड्यात येत नाही.

प्रश्न : ज्याचे सोशल मीडियावर फॉलोअर जास्त, तो मोठा क्लब असं मानायचं का?
— एक विद्यार्थिनी, चिक्कोडी

उत्तर : नाही. फॉलोअर बऱ्याचदा खेळाडूच्या मागून येतात. २०२३ साली मेसी इंटर मायामीत गेला आणि काही दिवसांत त्या क्लबचे फॉलोअर कित्येक पटींनी वाढले. क्लब तोच होता, मैदानही तेच. खेळाडू गेला की यातले किती उरतात, ते तेव्हा मोजावं.

प्रश्न : मग उत्पन्नावरून ठरवलं तर?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : उत्पन्न धरावं, पण ते कुठून येतं ते तपासून. क्लबचा पैसा तीन वाटांनी येतो : सामन्याच्या दिवशीची तिकीटविक्री, टीव्हीचे हक्क, आणि जाहिरात-जर्सी वगैरे व्यापार. २०२३-२४ मध्ये एका हंगामात एक अब्ज युरोंच्या वर उत्पन्न मिळवणारा रेआल माद्रिद पहिला क्लब ठरला. तिथं तिन्ही वाटा वाहत्या आहेत. ज्याचा बहुतेक पैसा टीव्हीचा, तो खाली घसरला की एका वर्षात कोरडा पडतो.

लीड्सनं तर अजून न आलेलं उत्पन्न खर्चून टाकलं. पुढच्या तिकीटविक्रीच्या भरवशावर कर्ज काढून खेळाडू घेतले. २००१ साली संघ चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत गेला, पण पुढच्या हंगामासाठी त्या स्पर्धेत जागा मिळाली नाही आणि हप्ते थकले. खेळाडू विकावे लागले, २००४ साली संघ खाली गेला, २००७ साली तिसऱ्या पायरीवर. बडा घर पोकळ वासा. पण तिथंही वीस हजारांच्या वर माणूस येतच राहिला, म्हणून २०२० साली ते परतू शकले. खेळाडूंवरचा खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांच्या आत ठेवण्याचा युएफाचा (युरोपच्या फुटबॉल संघटनेचा) नियम असल्याच अनुभवांतून आला आहे.

प्रश्न : गोवा आम्हाला जवळ. डेम्पोनं राष्ट्रीय लीग पाच वेळा जिंकली. मग मोहन बागानला मोठा म्हणतात तसं डेम्पोला का म्हणत नाहीत?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : मोजणी बरोबर आहे. एनएफएल (राष्ट्रीय फुटबॉल लीग) आणि तिच्या जागी आलेली आय-लीग मिळून दोघांची विजेतेपदं पाच-पाच. २००४-०५ ते २०११-१२ या काळातला डेम्पो देशातला सर्वांत चांगला संघ होता, असं आम्ही बेधडक म्हणू. पण २०१६ साली डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले. निर्णय मालकांचा होता आणि तो फिरवू शकेल अशी ताकद स्टँडमध्ये नव्हती. पहिली एनएफएल जिंकणारा फगवाड्याचा जेसीटी २०११ साली बंद झाला, मुंबईचा महिंद्र युनायटेड त्याच्या आदल्या वर्षी. कंपनीनं हात काढला की संघ संपला.

मोहन बागान १८८९ चा. १९११ साली ब्रिटिश फौजेच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ नं हरवून त्यानं आयएफए शिल्ड जिंकली, आणि ती आठवण बंगालमध्ये घराघरांत आहे. १९९७ साली ईस्ट बंगालविरुद्धच्या फेडरेशन कपच्या सामन्याला सॉल्ट लेक स्टेडियमवर सव्वा लाखाच्या वर माणूस होता. पण त्याच्या मोठेपणाचा खरा पुरावा अलीकडचा आहे. २०२० साली नव्या मालकाच्या ‘एटीके’ या दुसऱ्या क्लबचं नाव मोहन बागानच्या नावापुढं लागलं. सदस्य आणि चाहते मागं हटले नाहीत, आणि २०२३ साली ते नाव काढावं लागलं. मालकाला माघार घ्यायला लावणारी माणसं ज्याच्यामागं उभी आहेत, तो क्लब मोठा.

हे बघायला कोलकात्याला जायची गरज नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा किंवा बालगोपाल तालमीचा सामना असेल त्या दिवशी जा. पैशानं हे संघ छोटे आहेत, पण पेठ त्यांना आपलं मानते.

प्रश्न : आमच्या खेड्यात वीस-पंचवीस पोरं रोज खेळतात. क्लब काढून तो मोठा करायचा तर सुरुवात कुठून करावी?
— एक शिक्षक, खानापूर तालुका

उत्तर : बाहेरचे खेळाडू आणून एखादी बक्षिसाची स्पर्धा मारायची, ही सुरुवात नव्हे. वर्गणी तिकडं संपते आणि पुढच्या वर्षी ते खेळाडू दुसऱ्या गावाकडून खेळतात.

आधी संस्था नोंदवा. कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, १९६० खाली किमान सात सज्ञान सभासद लागतात. मग जिल्हा संघटनेमार्फत राज्य संघटनेशी संलग्न व्हा. जर्सीचा रंग आणि सामन्याचं मैदान एकदा ठरवलं की बदलू नका. बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना चार नंबरचा चेंडू द्या, पाच नंबरचा त्यानंतर. लहान पोरांना पूर्ण मैदानावर अकरा-अकरा खेळवलं तर निम्म्यांच्या पायाला चेंडूच लागत नाही. पाच-पाच जणांचे संघ करून छोट्या मैदानावर खेळवा.

सगळ्यांत जास्त हेळसांड होते ती कागदांची. प्रत्येक पोराची जन्मतारखेच्या दाखल्यासह संघटनेच्या ऑनलाइन यादीत नोंद करा, गल्लीच्या वहीत नाव असून भागत नाही. फिफाच्या नियमानुसार खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात पैसे देऊन बदली झाली, तर रकमेचे ५ टक्के त्याला वयाच्या १२ ते २३ या काळात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. १२ ते १५ या चार वर्षांसाठी दर वर्षाला पाव टक्का, त्यापुढं अर्धा टक्का. तुमच्याकडं ही १२ ते १५ ची चार वर्षं नोंदलेला मुलगा पुढं कधी एक कोटीला परदेशी क्लबात गेला, तर एक टक्का, म्हणजे एक लाख रुपये तुमच्या क्लबचे. नोंद नसेल तर ते मागायला तुमच्या हातात कागद नसतो.