वर्गात फक्त फ्रेंच, आणि वहीत प्रश्नचिन्ह

"मॅडम, दीड महिना झाला. फी भरलीय. पोरगी घरी येऊन नुसती रडतीय." खानापूर तालुक्यातल्या त्या आईचा आवाजही भरून आला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी मराठी माध्यमातली, पीयूसी (अकरावी-बारावी) करून आता बेळगावात पदवीच्या पहिल्या वर्षाला. फ्रेंचच्या क्लासात पहिल्या दिवसापासून फक्त फ्रेंच. मराठी शब्द निघाला की बाई ओठांवर बोट ठेवतात. आईनं विचारलं, व्याकरण शिकवणाऱ्या दुसऱ्या क्लासला घालू का? पोरीला डोकं कमी आहे की काय, ही खरी धास्ती तिनं बोलून दाखवली नाही.

मी विचारलं, "तुम्हाला कन्नड कसं आलं?"

माहेर चंदगडचं. लग्न करून आल्या तेव्हा 'बेकु' (हवं) नि 'बेडा' (नको) एवढंच ठाऊक. शेजारणींच्यात बसून, बाजारात भाव करून वर्षभरात बोलू लागल्या. बसवरची पाटी मात्र आजही वाचता येत नाही. यजमानांचं उलटं. शाळेत कन्नड शिकले, पाटी घडाघडा वाचतात, पण कंडक्टरपुढं तोंड उघडत नाही.

मग मुलीची वही पाहिली. एका पानावर 'पार्ल' तीनदा लिहून पुढं मोठं प्रश्नचिन्ह. मी बोलते, तू बोलतोस, ते बोलतात: फ्रेंचमध्ये लिहिताना शेवट वेगळे, उच्चार एकच, 'पार्ल'. मराठीत क्रियापदावरूनच कर्ता कळतो, म्हणून 'मी' गाळला तरी चालतं. फ्रेंचमध्ये तो गाळता येत नाही. मला फ्रेंच जुजबीच येतं, तरी मराठीतून हे सांगायला दोन मिनिटं लागली. तिनं ते दीड महिना छातीवर वागवलं, कारण विचारायला तिच्याकडे फ्रेंच नव्हतं!

कॅनडात, क्वेबेकमधल्या सेंट-लॅम्बर्टला 1965 साली इंग्रजी भाषक पालकांच्या आग्रहानं फ्रेंच इमर्शनचा, म्हणजे त्या भाषेतच बुडवून शिकवण्याचा, वर्ग सुरू झाला. तिथं बालवर्गातली मुलं शाळेचा वेळ फ्रेंचमध्येच असत, पण सुरुवातीला त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं तरी चालत असे. तिथल्या बाईंना दोन्ही भाषा येत. अशा वर्गांतल्या मुलांची समज उत्तम झाली, इंग्रजीही शेवटी मागं पडलं नाही. बोलण्या-लिहिण्यात लिंगाच्या नि क्रियापदांच्या चुका मात्र पुढंही राहिल्या. आठवड्याला चार तासांच्या क्लासला इमर्शन म्हणणंच मला पटत नाही. तेवढ्या वेळात मातृभाषेला दार बंद करणं म्हणजे मुलीला एकटं पाडणं.

क्लास सोडू नका, असं मी सांगितलं. शेवटची दहा मिनिटं मराठी-इंग्रजीतून शंकांना द्यावीत, अशी बाईंना विनंती करा. घरी रोज अर्धा तास व्याकरण. फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेत ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, प्रत्येकाला 25 गुण, आणि प्रत्येकात किमान 5 हवेतच. एका बाजूवर भागत नाही.

बाई तयार झाल्या. महिन्यानं मुलगी वही घेऊन आली. पुल्लिंगी शब्द निळे, स्त्रीलिंगी लाल. "टेबल आपल्यात 'ते', तिकडं 'ती'," म्हणाली. बोलताना अजून अडखळते. ते आईला मी आधीच सांगून ठेवलं होतं.