रिलिव्हिंग लेटर अडलंय, जॉइनिंग तोंडावर आलंय: आधी पीएफची एग्झिट डेट बघा

मुलाखत निघाली, ऑफर लेटर हातात आलं, म्हणजे नोकरी लागली असं धरून तुम्ही राजीनामा दिलात. आता जुनी कंपनी रिलिव्हिंग लेटर, म्हणजे तुम्हाला नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, देईना आणि नव्या कंपनीची व्हेरिफिकेशनवाली (पडताळणी करणारी) मंडळी यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा खाते नंबर, मागतायत. तुमची ही पोस्ट वाचली आणि म्हटलं, अरे, हे तर माझंच प्रकरण. म्हणून जरा लांबण लावतोय.

आधीच सांगतो, मी वकील नाही, एचआरमध्येही नाही. चाकण-भोसरी पट्ट्यात ऑटो पार्ट्सच्या लाइनमध्ये क्वालिटीला आहे, नोकऱ्या बदलल्यात, तेवढंच भांडवल. राजीनामा मेलवर द्यावा, नोटीस पिरियड मोजावा वगैरे लिहीत नाही, ते तुम्हाला माहीत असणारच.

ऑफर लेटरमध्ये खाली बारीक अक्षरात एक ओळ बहुतेक वेळा असते, की ही ऑफर कागदपत्रं आणि पडताळणी समाधानकारक झाल्यास लागू. आपण सीटीसीचा, म्हणजे वर्षाच्या पगाराचा, आकडा बघतो आणि ती ओळ सोडून देतो. मुलाखतीत नापास झालेले पुष्कळ पाहिलेत, पण सगळं पास होऊन इथे लटकलेलेही कमी नाहीत.

माझं घोडं अडलं ते जुन्या कंपनीच्या एचआरमध्ये. नाव घेत नाही. नो ड्यूजच्या, म्हणजे कंपनीचं काही देणं राहिलं नाही याच्या, फॉर्मवर स्टोअर, आयटी, अकाउंट्स, कँटीन सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. राहिली एक टूल क्रिबची (हत्यारांच्या खोलीची), कारण माझ्या नावावर एक व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे माप घ्यायचं हत्यार, चढलेला. तो मी परत केला होता, रजिस्टरमध्ये त्यांच्याच माणसाची सही होती. तर म्हणे सिस्टिममध्ये दिसत नाही. सिस्टिममध्ये टाकणारा रजेवर. मेल टाकला की उत्तर 'नोटेड'. फोन केला की साहेब ऑडिटमध्ये. गेटवर जाऊन उभा राहिलो तर सिक्युरिटी विचारतो, अपॉइंटमेंट आहे का? काल-परवापर्यंत त्याच गेटमधून पंच करून आत जात होतो.

पण खरा फटका लेटरचा नव्हताच. त्यांनी पीएफमध्ये माझी डेट ऑफ एग्झिट, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, भरली नव्हती. ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या) मेंबर पोर्टलवर 'व्ह्यू'मध्ये सर्व्हिस हिस्टरी उघडा. कंपनीच्या नावासमोर जॉइनिंगची तारीख असते आणि सोडल्याच्या रकान्यात 'नॉट अव्हेलेबल'. पडताळणी करणारा याचा अर्थ काय काढतो? हा माणूस अजून तिथेच आहे, म्हणजे एका वेळी दोन नोकऱ्या. पासबुकात पैसे यायचे बंद झालेत हे तो बघत नाही, त्याच्या चेकलिस्टमध्ये तारखेचा रकाना असतो. आणि नो ड्यूजचा या तारखेशी काडीचा संबंध नाही. मालकाच्या लॉगिनमधून ती पाच मिनिटांत भरता येते. एवढं सांगितल्यावरही तिथल्या मंडळींनी मिठाची गुळणी धरली.

जानेवारी 2020 पासून ही तारीख आपली आपल्याला भरता येते. 'मॅनेज'मध्ये 'मार्क एग्झिट'. आधार जोडलेलं हवं आणि मोबाइल चालू हवा, ओटीपी त्यावरच येतो. तारीख मात्र शेवटचं योगदान ज्या महिन्याचं आहे त्याच महिन्यातली द्यावी लागते. घाईत काहीतरी टाकू नका. चुकली तर दुरुस्तीची कटकट मागे लागते. गोची अशी, की ही सोय शेवटच्या योगदानानंतर दोन महिने गेल्याशिवाय उघडत नाही, आणि जॉइनिंग नेमकं त्या दोन महिन्यांत असतं.

म्हणून माझं मत, नव्या कंपनीला आपणहून आधीच लिहा. राजीनामा मंजूर केल्याचा मेल, शेवटची सॅलरी स्लिप, त्या महिन्याचं बँक स्टेटमेंट, पीएफ पासबुक, आणि इन्कम टॅक्सच्या 26एएस या विवरणात जुन्या कंपनीने कापलेला टीडीएस (पगारातून कापलेला कर) दिसतो तेही जोडा. आम्हीच पकडलं असं त्यांना वाटू देऊ नका. बऱ्याच कंपन्या लेटर नंतर द्यायच्या बोलीवर जॉइन करून घेतात. सगळ्याच घेतील असं नाही. जुन्या कंपनीविरुद्ध ईपीएफओच्या ईपीएफआयजीएमएस पोर्टलवर तक्रारही टाका. तक्रार नंबर मिळतो, तो व्हेरिफिकेशनवाल्यांना दाखवायला बरा पडतो.

तुमच्या पोस्टखाली कुणीतरी लिहिलंय की तुमची सात महिन्यांची छोटी नोकरी सीव्हीतून उडवून टाका. कृपा करून असलं काही करू नका. पीएफ कापला गेला असेल तर ती सर्व्हिस हिस्टरीत बसलेली आहे. नोकरी लहान होती म्हणून क्वचितच कुणी नाकारतं, लपवली म्हणून हमखास नाकारतात. तीच गोष्ट गॅपची, म्हणजे दोन नोकऱ्यांमधल्या रिकाम्या काळाची. वडिलांच्या आजारपणात घरी होतो, हे सरळ सांगितलेलं चालतं.

विषय निघालाच आहे म्हणून, ओळखीशिवाय काही होत नाही ही आपल्याकडची पेटंट समजूत. रेफरलने, म्हणजे आतल्या माणसाने नाव सुचवल्याने, सीव्ही उघडला जातो, पुढचं आपल्यालाच करावं लागतं. तरीही मागायला लाजू नका, बऱ्याच ठिकाणी रेफर करणाऱ्याला बोनस असतो, तो काही उपकार करत नाही. आणि या अडचणीचा वास लागून 'लेटर काढून देतो' किंवा 'रजिस्ट्रेशन फी भरा, दुसरीकडे लावतो' म्हणणारे कन्सल्टन्सीवाले फोन करतील. त्यांना एक रुपया देऊ नका. विकतचं अनुभवपत्र पकडलं गेलं तर आहे ती ऑफरही जाईल.

जुन्या कंपनीचं पोर्टल अजून चालत असेल तर आजच सगळ्या स्लिपा आणि फॉर्म 16 उतरवून घ्या, लॉगिन कधी बंद करतील सांगता येत नाही. आणि सर्व्हिस हिस्टरीत काय दिसतंय ते इथे टाका, म्हणजे नेमकं सांगता येईल. स्क्रीनशॉटमध्ये यूएएन आणि जन्मतारीख झाकायला विसरू नका.