पणजीहून मडगावला जाताना कुठली बस धरावी?

पणजीच्या कदंब स्टँडवर (कदंब म्हणजे गोव्याची सरकारी बससेवा) पोचलात की आधी शटलचा काउंटर शोधा. मडगाव, वास्को आणि म्हापशाच्या शटल मधे थांबत नाहीत. तिकीट खालीच काढायचं आणि मग रांगेत उभं राहायचं. मडगाव साधारण पस्तीस किलोमीटर, तासाभराचा प्रवास. सकाळी कचेऱ्यांच्या वेळी रांग लांबते, म्हणून अर्धा तास आधीच निघा.

आगशी किंवा कुठ्ठाळीला उतरायचं असेल तर मात्र शटल उपयोगाची नाही. तिथे प्रत्येक थांब्यावर थांबणारी खाजगी बसच हवी. सुट्टे पैसे जवळ ठेवा आणि उतरायच्या आधीच कंडक्टरला थांबा सांगून ठेवा.

नवखे हमखास चुकतात ते मडगावात. कदंब स्टँड आणि रेल्वे स्टेशन एकाच ठिकाणी नाहीत. गाडी पकडायची असेल तर मधल्या अंतरासाठी पायलट (भाड्याची मोटरसायकल) किंवा रिक्षा धरावी लागते. भाडं बसण्याआधीच ठरवा. पणजीला स्टेशन नाही, जवळचं करमळी. पण तिथे सगळ्या गाड्या थांबत नाहीत.

मांडवीपलीकडे बेतीला जायचं असेल तर फेरीबोट उत्तम, पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. रात्री आठनंतर बस विरळ होतात, परतीची शेवटची बस सकाळीच विचारून ठेवा.