'टाकी खाली करा' म्हणजे नेमकं काय करायचं?

कोपरखैरण्याच्या एका वाचकाने गीझरच्या माहितीपत्रकातली दोन वाक्यं पाठवली आहेत : 'दीर्घकाळ वापर नसल्यास टाकी खाली करा' आणि 'उपकरण पृथ्वीशी जोडा'. मे महिन्यात गावी जाताना गीझर भिंतीवरून उतरवून ठेवायचा का, आणि सातव्या मजल्यावर पृथ्वी कुठून आणायची, असा त्यांचा प्रश्न आहे.

गीझर उतरवायचा नाही, आतलं पाणी काढायचं. वाक्य मूळचं हिंदी आहे : 'टंकी खाली करें', म्हणजे रिकामी करा. भाषांतर करताना 'करें'चं 'करा' झालं आणि 'खाली' तसाच राहिला.

तरी हा 'खाली' मराठीला परका म्हणू नये. तो अरबीतून आला आणि कधीच इथला झाला. 'गाळा खाली करा' अशी नोटीस निघते, वाशीच्या मार्केटात 'गाडी खाली झाली' म्हणजे माल उतरला, तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते. वर-खालीतला 'खाली' हा वेगळा शब्द, 'खाल', 'खालचा' यांच्या कुळातला. गाळा काही भिंतीवरून उतरवता येत नाही, त्यामुळे तिथे घोटाळा होत नाही. गीझरची टाकी मात्र रिकामीही करता येते आणि उतरवताही येते, म्हणून इथे 'रिकामी करा' असंच लिहायला हवं.

आता ती रिकामी कशी करायची ते. आधी स्विच बंद करून प्लग काढा आणि पाणी निवू द्या, नाहीतर हात भाजेल. गीझरकडे येणाऱ्या थंड पाण्याचा कॉक बंद करा. मग गरम पाण्याचा नळ उघडा. बहुतेकांची समजूत अशी की एवढ्याने टाकी रिकामी होते. तसं होत नाही : उभ्या गीझरमध्ये गरम पाणी टाकीच्या वरच्या भागातून बाहेर पडतं, त्यामुळे नळातून थोडंसं पाणी येऊन धार थांबते. नळ उघडायचा तो आत हवा शिरावी म्हणून. पाणी निघतं खालून, थंड पाण्याच्या बाजूने. तिथल्या सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचला किंवा ड्रेनचा बूच काढा, आणि खाली बादली ठेवा. परत आल्यावर क्रम उलटा. व्हॉल्व्ह किंवा बूच लावून थंड पाणी सोडा आणि गरम पाण्याच्या नळातून न अडखळता धार येईपर्यंत स्विचला हात लावू नका. टाकी कोरडी असताना वीज सुरू झाली की हीटिंग एलिमेंट जळतं.

'पृथ्वीशी जोडा' हे इंग्रजी 'अर्थ'चं शब्दशः भाषांतर. पारिभाषिक शब्द 'भूसंपर्कन', पण वायरमनला 'अर्थिंग' म्हटलेलंच कळतं आणि पत्रकातही तेच छापलेलं बरं. त्यासाठी सातव्या मजल्यावरून काही करावं लागत नाही. इमारतीच्या अर्थिंगची तार सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकापर्यंत आलेली असते. ती खरोखर जोडलेली आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर पावणेनऊ अँपिअरच्या आसपास वीज ओढतो, तेव्हा १६ अँपिअरचा तीन पिनांचाच प्लग हवा. जाड पिन त्याच अर्थिंगची. ती लांब असते, म्हणून प्लग लावताना आधी टेकते आणि काढताना शेवटी सुटते. दोन पिनांचं अडॅप्टर लावलं की हे संरक्षण गेलं.

असाच एक फसवा शब्द 'इन्फ्लेमेबल'. सुरुवातीचा 'इन' नकाराचा वाटतो, पण अर्थ 'चटकन पेट घेणारा' असाच आहे. थिनरच्या डब्यावर मराठीत 'अज्वलनशील' छापलेलं दिसलं तर त्यावर विसंबू नका, शेजारचं चित्र बघा. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या पेट्रोलच्या टँकरवरही तेच असतं : लाल चौकट कोपऱ्यावर उभी, आत ज्वाला आणि खाली ३ हा आकडा. हे चिन्ह ज्या डब्यावर असेल तो गॅसच्या शेगडीजवळ उघडू नका.